बोलण्याआधी ऐकणारा ओळखू या



चार लोकांसमोर बोलणे हे फादरांचे काम, आपले नव्हे, असे आपल्याला वाटते. पण जरा विचार करू या. मिस्सात वाचन करणारे, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे, लहान ख्रिस्ती समूहाची सभा चालवणारे, लग्नात नवदांपत्याला शुभेच्छा देणारे, मयताच्या घरी रोझरीनंतर दोन शब्द बोलणारे, हे सारे आपणच आहोत. बोलायची वेळ आली की 'मी काय बोलू?' हा प्रश्न लगेच मनात येतो. त्याच्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो : 'माझ्यासमोर कोण बसले आहे?'

संत पौलाला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटत होता. प्रेषितांच्या कृत्यांचे १३, १४ आणि १७ हे अध्याय एकापाठोपाठ वाचून पाहा. पिसिदियातील अंत्युखिया येथे तो यहुद्यांच्या सभास्थानात बोलला. तिथल्या लोकांना धर्मशास्त्र पाठ होते. म्हणून त्याने मिसर देशातील पूर्वजांपासून सुरुवात केली, दावीद राजापर्यंत आला आणि दाविदाच्या वंशातून आलेल्या येशूची ओळख करून दिली. लुस्त्र गावात मात्र दावीद कोण हे लोकांना ठाऊक नव्हते. तिथे पौल आणि बर्णबा यांनी आकाशातून पडणारा पाऊस, पिकांचे हंगाम आणि पोटभर अन्न यांविषयी सांगितले. हे सर्व देणारा जिवंत देव आहे, एवढे त्या लोकांना समजू शकत होते.

मग अथेन्स. तिथे समोर तत्त्वज्ञ बसले होते. बोलण्याआधी पौल त्या शहरात हिंडला होता, त्यांची पूजास्थाने त्याने लक्षपूर्वक पाहिली होती. ते पाहून त्याचे मन अस्वस्थ झाले होते, तरीही ऐकणाऱ्यांचा अपमान करून त्याने भाषण सुरू केले नाही. अज्ञात देवाला वाहिलेली त्यांचीच एक वेदी त्याने आधाराला घेतली. संदेष्ट्यांऐवजी त्यांच्याच कवीचे वचन सांगितले. तीन ठिकाणी तीन दरवाजे, पण प्रत्येक दरवाजातून त्याला लोकांना एकाच देवाकडे न्यायचे होते!

आपल्या भाषेतही असे एक थोर उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि तिथल्या साष्टी प्रांतात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. ज्यांच्यामध्ये ते राहत होते, ते लोक पिढ्यान्‌पिढ्या ओवीबद्ध पुराणे ऐकत आले होते. फादरांनी ते कान ओळखले. प्रभू येशूची कथा त्यांनी मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ते 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ! परक्या देशातून आलेल्या माणसाने आधी आपली भाषा शिकून घेतली, आपल्या लोकांना काय गोड लागते ते जाणून घेतले आणि मगच तोंड उघडले.

म्हणजे ऐकणाऱ्यांना जे आवडेल तेच बोलायचे का? मुळीच नाही. अहाब राजाच्या पदरी सुमारे ४०० संदेष्टे होते. राजाला काय ऐकायचे आहे हे त्यांना अचूक कळत होते आणि तेच ते सांगत होते. एकट्या मीखायाने खरे सांगितले आणि तो तुरुंगात गेला. पौलानेही अथेन्समध्ये मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय टाळला नाही. तो काढताच काहींनी थट्टा केली. पण दिओनुस्य, दामारी आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला. सुरुवात कुठून करायची हे ऐकणाऱ्याकडे पाहून ठरवावे. सत्य मात्र त्याच्याकडे पाहून बदलू नये.

याची खरी कसोटी लागते ती दुःखाच्या घरी. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर सारे ठीक होते! मग ते बोलू लागले. त्यांच्याजवळ देवाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण समोर राखेत बसलेला माणूस त्यांना दिसेनासा झाला. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. तरुण मुलगा गमावलेल्या आईला आपण जेव्हा 'देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात' असे सांगतो, तेव्हा आपला हेतू चांगलाच असतो. पण त्या आईच्या कानी काय पडते? आपल्या मुलाला देवानेच हिरावून नेले, असे! अशा वेळी त्या मुलाचे नाव घ्यावे, त्याच्या चांगुलपणाची एखादी आठवण सांगावी, प्रार्थना करावी आणि जवळ बसून राहावे.

इतर वेळीही थोडे भान ठेवले तर पुष्कळ साधते. पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांनी कदाचित मेंढरू जवळून पाहिलेले नसेल. त्यांना आधी घरातली एखादी लाडकी वस्तू हरवली तेव्हाची शोधाशोध विचारावी, मग हरवलेले मेंढरू त्यांना आपोआप समजेल. अंत्यविधीला आलेल्या इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना 'आता आपण उभे राहू या' एवढे सांगितले तरी त्यांचा संकोच जातो. मागच्या बाकावरील आजीला नीट ऐकू येत नसेल, तर वाचन सावकाश करावे. आणि घड्याळाकडेही लक्ष असावे! दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली प्रवचन दहा मिनिटांच्या आत संपवावे असे सांगितले होते. २०२४ साली त्यांनी ते आठ मिनिटांवर आणले. लोकांच्या सहनशक्तीचा विचार करणे हेही प्रेमच आहे.

शेवटी, हे सारे आपण प्रभू येशूकडूनच शिकतो. आपल्याशी बोलण्यासाठी देवाचा पुत्र आपल्यातला एक झाला. नासरेथमध्ये सुमारे तीस वर्षे तो आपल्यासारखा जगला, सुताराच्या घरी राबला, शेजाऱ्यांची सुखदुःखे त्याने पाहिली. त्यानंतरच्या तीनएक वर्षांत त्याने जे सांगितले, त्यात पीठ, खमीर, जाळे, बियाणे आणि दिवा का आला, हे आता वेगळे सांगायला नको.

या आठवड्यात आपल्यापैकी कोणाला ना कोणाला चार माणसांसमोर उभे राहायचे असेल. कागदावर पहिला शब्द लिहिण्याआधी त्या चार माणसांची नावे घेऊन प्रार्थना करू या.

हे प्रभो, आमच्या ओठांआधी आमचे कान उघड. आमेन.