दुसऱ्याच्या घरात शिरताना

परदेशात आयटीत काम करणाऱ्या माणसाची गत गावच्या डॉक्टरसारखी असते. कुणाकडेही जेवायला जा, ताटातली आमटी संपायच्या आत यजमान म्हणतात, "अरे, जाता जाता आमचा कॉम्प्युटर जरा बघशील का?" एजवेअरमधल्या वीस वर्षांच्या मुक्कामात मी असे किती कॉम्प्युटर 'जरा' बघितले, त्याची मोजदाद नाही. मोबदल्यात चकल्या मिळतात, त्यामुळे तक्रार नाही. पण गेल्या हिवाळ्यात एका घरचा लॅपटॉप साफ करताना माझ्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, की त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच टूलकिटमध्ये नव्हतं.

स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहणारे आमच्या ओळखीचे एक काका. वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलगा-सून-नातीबरोबर राहतात. पुण्याच्या बँकेतलं खातं, पेन्शन, घराचा मालमत्ता कर, सगळं स्वतः ऑनलाइन बघतात आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. मुलाचा फोन आला, "बाबांचा लॅपटॉप फार स्लो झालाय, बघ ना." गेलो. मुलगा ऑफिसात, सून नातीला आणायला शाळेत. काकांनी चहा ठेवला, पण ते नेहमीसारखे बोलत नव्हते.

मशीन उघडल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला. दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचा एक प्रोग्रॅम त्यात बसवलेला होता, आणि मशीन सुरू झालं की तोही आपोआप सुरू होईल अशी सोय करून ठेवलेली होती. मी पहिल्यांदा वायफाय बंद केलं आणि विचारलं, "काका, कुणाचा फोन आला होता का?"

आला होता. ब्रॉडबँड कंपनीतून बोलतोय असं सांगणाऱ्याचा. त्याने काकांना 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावून लाल खुणा दाखवल्या आणि "हे सगळे व्हायरस" म्हणून घाबरवलं. मंडळी, त्या लाल खुणा तुमच्या-माझ्या, चांगल्या धडधाकट विंडोजमध्येही असतात. तिथून पुढे 'दुरुस्ती'चे चौदाशे पौंड काकांनी स्वतःच्या हाताने ट्रान्सफर केले होते. तीन आठवडे झाले होते. घरात कुणालाही ठाऊक नव्हतं.

बँकेला कळवायला मी त्यांना तिथल्या तिथे राजी केलं. १५९ फिरवलं की इथल्या बहुतेक बँकांशी थेट जोडून देतात. शिवाय अशा फसवणुकीत स्वतः पाठवलेले पैसेही, काही अटींवर, ८५,००० पौंडांपर्यंत परत करण्याचं बंधन ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांवर आलेलं आहे. ते काम झालं. मग काका म्हणाले, "एक कर. ह्यांना सांगू नकोस. उद्या माझ्या हातातून सगळंच काढून घेतील."

आता पेच पाहा. काकांचे पैसे, काकांची चूक, काकांचं गुपित. इथपर्यंत माझं तोंड बंद राहायला हरकत नव्हती. पण त्याच ब्राउझरमध्ये सुनेच्या बँकेचे, खरेदीच्या खात्यांचे आणि नातीच्या शाळेचे पासवर्ड साठवलेले होते. तीन आठवडे घराचं दार उघडं होतं, आणि कपाट एकट्या काकांचं नव्हतं.

इथला १९९० चा कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणं हा गुन्हा मानतो. पण ज्याला घरच्यांनीच पासवर्ड देऊन, वर चहा देऊन आत घेतलंय, त्याने आत दिसलेल्याचं काय करावं, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. आपल्या मंडळात डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांना रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन असतं, आणि दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर ते मोडण्याची मुभाही असते. त्यांच्यामागे निदान लिखित नियम असतात. चकलीवर काम करणाऱ्याला तेही नाहीत.

मला त्या दिवशी १८९७ चं पुणं आठवलं. आठवायला जरा मोठंच उदाहरण, पण सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाची मजल तिथेच जाते. प्लेग आला, तेव्हा घरं तपासणं, रोगी वेगळे करणं ह्या उपायांमागचं शास्त्र अगदीच चुकीचं नव्हतं. पण रँडचे सोल्जर ज्या रीतीने घराघरांत शिरले, त्यामुळे लोकांनी रोगी लपवले, आणि लपवलेला रोग पसरत राहिला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर पुढे काय झालं ते आपण शाळेतच शिकलो. मला पटतं ते एवढंच, की साफसफाई करणारा कसा आत येतो, ह्यावर लोक आजार दाखवतात की दडवतात हे ठरतं. काकांनी तीन आठवडे दडवलं ते त्या चोराच्या भीतीने नव्हे. घरच्यांच्या "बाबा, तुम्ही पण ना!" च्या भीतीने.

आणि दडवणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मी इथे एमएस्सीच्या प्रबंधात बुडालो होतो, तेव्हा ब्लास्टर नावाचा वर्म आला. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिला होता. मी कॉम्प्युटरचाच विद्यार्थी, पण आळसाने तो बसवला नव्हता. युनिव्हर्सिटीतून लॅपटॉप घरी आणला, घरातल्या नेटवर्कला जोडला, आणि शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली. त्याची सेव्ह न केलेली पानं गेली. मी रात्रभर बसून त्याचं मशीन नीट करून दिलं. त्याने मला बाहेर जेवायला नेलं. ते कुणाच्या लॅपटॉपमधून आलं, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

असो. संध्याकाळी मुलगा-सून आल्यावर मी सांगितलं, की फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलंय, आणि तुम्ही दोघांनी आज रात्रीच, फोनवरून, सगळे पासवर्ड बदला, बँकेचा पहिल्यांदा. मुलाने विचारलं, "बाबांनी काही केलं का?" मी म्हणालो, "मशीन जुनं झालंय रे." मशीन खरंच जुनं होतं. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो असल्याच वाक्याने. काका खिडकीबाहेर बघत होते.

पासवर्ड त्या रात्रीच बदलले गेले, पुढे काही वाईट घडलं नाही. दोन महिन्यांनी काकांनी घरी स्वतःच सगळं सांगितलं, बहुधा बँकेचे पैसे परत आल्यावर. आता ते ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्या फोनची नक्कल करून दाखवतात. मला वाटलं, आपण बरोबर वागलो.

गेल्या महिन्यात सूनबाई स्टेशन रोडवर भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून, अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, पासवर्ड माझे होते. माझ्या मुलीचे होते. ते का बदलायचे, हे मला सांगायचं की नाही, हे तुम्ही आणि बाबांनी कसं ठरवलंत?"

मी म्हणालो, "काकांना शब्द दिला होता गं."

"आणि त्या रात्री मी सगळे बदलले नसते तर?" तिने विचारलं. मग तिची बस आली.