जनुक, प्रारब्ध आणि गांधीलमाशी

प्राण्याचे आयुष्य जन्मतःच ठरून गेलेले असते काय, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात दैव आणि पुरुषार्थ यांच्या वादात मांडला गेला आणि जनुकविज्ञानाचा विस्तार झाल्यावर तोच नव्या वेषात पुढे आला. मात्र जनुके म्हणजेच विधिलिखित, हे समीकरण पेशीचा व्यवहार पाहता टिकत नाही.

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच संच असतो आणि त्यात प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके असतात. तरीही यकृताची पेशी मेंदूच्या पेशीहून अगदी वेगळी असते, कारण प्रत्येक ठिकाणी त्यांपैकी काहीच जनुके कामाला लागतात. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होऊन तिच्यावरून प्रथिन तयार होणे याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात, आणि हे कधी, कोठे व किती प्रमाणात व्हावे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला नियमन म्हणतात. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की, लॅक्टोज ही शर्करा पचवणारी जीवाणूची जनुके एरवी एका नियामक रेणूने रोखून धरलेली असतात आणि ती शर्करा उपलब्ध झाली की हा अडसर दूर होतो.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षे अभ्यासलेली 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' ही गांधीलमाशी या संदर्भात विचार करायला लावते. तिच्या वसाहतीत राणी आणि कामकरी यांच्या शरीररचनेत फरक नसतो. राणीला पोळ्यावरून काढले की काही मिनिटांतच एक कामकरी अतिशय आक्रमक होते, बाकीच्या तिला विरोध करत नाहीत, आणि सुमारे आठवड्याभरात ती अंडी घालू लागते. एवढ्या अवधीत तिची जनुके बदललेली नसतात. बदललेली असते ती परिस्थिती. तथापि नुसती संधी पुरते असेही नाही, कारण प्रयोगशाळेत एकेकट्या ठेवून भरपूर अन्न दिलेल्या माद्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच अंडी घातली, म्हणजे प्रौढ होण्यापूर्वीच्या अवस्थेचाही ठसा राहतो.

लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाकाची चर्चा करताना, ज्याचे फळ भोगावयास सुरुवात झाली ते आरब्धकार्य आणि झाली नाही ते अनारब्धकार्य, असा वेदान्तातील भेद महत्त्वाचा मानला आहे. संचय असणे आणि त्याचे कार्य सुरू होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे या भेदाचे मर्म जनुकांनाही लागू पडते. परंतु साम्य येथेच संपते, कारण कर्माला पापपुण्याचा हिशेब असतो, जनुकाला तो नसतो. कोणाला कोणती जनुके मिळाली यात बक्षीसही नाही आणि शिक्षाही नाही. नियमनाच्या ज्ञानाने इच्छास्वातंत्र्य सिद्ध होते असेही नव्हे, कारण परिस्थितीही बहुधा प्राण्याने निवडलेली नसते.

यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण ठाम आहे. ज्या परिस्थितीत जनुके व्यक्त होतात, तिच्यापैकी आहार, आजार, शिक्षण आणि ताण यांचा मोठा भाग समाजाच्या हाती असतो, म्हणून त्याची जबाबदारीही समाजाचीच ठरते. आणि जन्मावरून माणसाची योग्यता ठरवू पाहणाऱ्यांना जनुकशास्त्राचा आधार घेता येणार नाही.