आरोपी क्रमांक एक

‘वेलस्लीनं स्वतःच्या हातानं कधी कोणाला कापलं का हो?’ आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त सुभेदारांनी हा प्रश्न टाकला आणि चहा गार होईस्तोवर वाद चालला. जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला असईची लढाई टाळता येत नाही. मी उभी हयात कोर्टाच्या शिरस्तेदारीत घालवली. त्यामुळे वाद संपला तरी माझ्या डोक्यात खटला उभा राहिलाच.

आधी पुरावा बघू. 23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचं कवायती पायदळ आणि शंभराहून जास्त तोफा. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा, तेव्हा 34 वर्षांचा. केळणेला उतार नाही असं वाटाडे सांगत होते, पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसल्यावर यानं ताडलं की मध्ये उतार असणारच, आणि फौज पाण्यात घातली. उतरतानाच त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं.

पुढचा प्रसंग मी पुनःपुन्हा वाचतो. गोऱ्यांच्या पायदळानं तोफांची रांग संगिनीनं कापून काढली आणि ते पुढे गेले. मागे मेल्यासारखे पडून राहिलेले शिंद्यांचे काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. त्या परत घ्यायला वेलस्लीला स्वतः मागे फिरावं लागलं. डायोमेड नावाच्या त्याच्या अरबी घोड्याला भाला लागला तो याच धुमश्चक्रीत. त्याआधी एक घोडा त्याच्या मांडीखाली गोळी लागून पडलाच होता. आता ज्याच्या घोड्याला भाला लागतो तो माणूस भालाईताच्या किती जवळ असेल, हे सांगायला पंचनामा नको. तोफांवरच्या त्या मेलेल्या गोलंदाजांबद्दल मात्र मला वेलस्लीपेक्षा जास्त वाटतं, हे इथंच कबूल करून टाकतो. त्यांचे धनी दौलतराव शिंदे आणि शिंद्यांचे साथीदार रघुजी भोसले तोवर मैदान सोडून गेले होते.

म्हणजे जिवाची जोखीम त्यानं घेतली, यात वाद नाही. तीन वर्षं आधी, सप्टेंबर 1800 मध्ये, बंडखोर धोंडजी वाघावर घोडदळ घातलं तेही यानंच, स्वतः पुढे राहून. पण ‘अमक्याला मी मारलं’ अशी फुशारकी त्याच्या नावावर नाही. सुभेदारांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, ‘साहेब, जनरलला तलवार चालवायची पाळी आली तर समजा त्याचा बेत फसला. त्याचं काम डोळ्यांचं, हाताचं नाही.’ असईत बेत थोडा फसलाही होता. एक तुकडी चुकून थेट गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिच्यामागून गेलेली 74 वी पलटण जवळजवळ संपली.

शौर्याचा प्रश्न तिथं मिटला. माझा प्रश्न दुसरा आहे. हात कोरडे राहिले तर पाप लागत नाही का?

आमच्या जुन्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे 1860 च्या कायद्यात, याला सरळ उत्तर आहे. चिथावणी देणारा तेवढाच गुन्हेगार आणि समान इराद्यानं सोबत असणाराही. सुरा एकाच्या हातात असला तरी कलम 34 खाली चौघं उभे केलेले मी कितीदा पाहिलेत. पण त्याच कायद्याच्या कलम 76 मध्ये एक दाखला आहे: वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याला धरून, शिपायानं जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. शिपाई सुटला. हुकूम देणारा साहेब ‘मी गोळी झाडलीच नाही’ म्हणणार. साहेबाच्या वरचा साहेब कलकत्त्याला बसलेला, आणि असईच्या बाबतीत तर तो वेलस्लीचाच थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल. मग फाइल बंद करायची का? इंग्रजांनी कायदा मोठा चोख लिहिला, पण स्वतःपुरती खिडकी ठेवून.

बियाण्यांचा व्यापार करणारे माझे एक जैन मित्र आहेत. ते म्हणतात, आमच्याकडे ही खिडकीच नाही. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि करणाऱ्याला बरं म्हटलेलं, तिन्हीचा दोष लागतो. पर्युषणात प्रतिक्रमणाला बसतात तेव्हा तिन्हींची क्षमा मागतात. हा हिशोब कडक आहे. त्यानं धरलं तर असईच्या विजयावर लंडनला टाळ्या वाजवणाराही सुटत नाही.

आमच्याकडे मात्र एक पळवाट भरपूर मळलेली आहे. तू निमित्त हो, ‘मी करतो’ हा लेप नसेल तर मारूनही बंधन नाही, असं गीता सांगते. हे तत्त्व खोटं आहे असं मी म्हणणार नाही, माझी तेवढी पायरी नाही. पण ते कोणाला लागू पडतं? ज्यानं कर्तेपण खरोखर सोडलं त्याला. वेलस्लीला म्हातारपणी विचारलं की लढाईच्या बाबतीत तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, तेव्हा त्यानं एकच शब्द सांगितला: असई. वॉटर्लू नाही. यशाच्या रकान्यात जो आपलं नाव लिहितो, त्याला रक्ताच्या रकान्यात ‘मी फक्त निमित्त’ असं लिहिता येत नाही.

महाभारतानंच याचा निकाल दिलेला आहे, आणि तो आपण सोयीनं विसरतो. युद्ध संपल्यावर गांधारी रणभूमीवर येते. तिच्या मुलांना गदेनं ठेचलं भीमानं. पण शाप ती कोणाला देते? शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करून सारथी झालेल्या कृष्णाला. तू हे थांबवू शकत होतास आणि थांबवलं नाहीस, एवढाच तिचा आरोप. आणि कृष्ण ‘माझ्या हाताला रक्त नाही’ असा बचाव करत नाही. हसून शाप पत्करतो. इतका स्वच्छ कबुलीजबाब मी नोकरीत ऐकला नाही.

हात कोरडे असूनही दोष लागतो, हे वेलस्लीला अगदीच कळलं नसेल असं नाही. लढाईच्या रात्री तो जमिनीवर पडला, पण झोप लागेना. डोळा लागे नि दचकून जागा होई, आपले सगळे दोस्त मेले असंच वाटत राही. त्याच्या बाजूचे जवळपास 1,600 जण मेले किंवा जखमी झाले होते. कलिंगच्या युद्धानंतर अशोकानं शिळेवर आकडे कोरून घेतले, एक लाख मारले गेले, दीड लाख नेले गेले, आणि त्या आकड्यांत शत्रूची माणसं मोजून पश्चात्ताप लिहिला. वेलस्लीच्या स्वप्नात फक्त त्याचेच लोक आले. फरक मला एवढाच दिसतो, पण तो लहान नाही.

जाता जाता एक गंमत. एका माणसासमोर उभं राहून त्याच्यावर हत्यार उचलल्याचा त्याचा प्रसंग पक्का नोंदलेला आहे, पण तो रणांगणावरचा नाही. 21 मार्च 1829, लंडनजवळचं बॅटरसी. इंग्लंडचा पंतप्रधान असताना, वयाच्या 59 व्या वर्षी, कॅथलिकांना हक्क देण्याच्या वादावरून लॉर्ड विंचिल्सीशी त्यानं पिस्तुलांचं द्वंद्व केलं. धर्माच्या वादापायी! त्याची गोळी बाजूनं गेली, समोरच्यानं हवेत झाडली, आणि माफीची चिठ्ठी देऊन प्रकरण मिटलं. कोणालाही ओरखडासुद्धा आला नाही.

तेव्हा सुभेदार, माझा निकाल असा. असईला त्यानं स्वतः तलवार चालवली असेल वा नसेल, त्यानं मेलेल्यांत एका-दोघांचा फरक पडेल. तेवढ्यानं आरोपी क्रमांक एक बदलत नाही. आणि आरोपी क्रमांक दोन व तीन म्हणून मैदान सोडून गेलेल्या आपल्या दोन्ही सरदारांची नावं मी त्याच कागदावर लिहिणार आहे.