मी कशासाठी उरलो?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर गृहस्थांना पवित्र कम्युनियन द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. मोठ्या दुखण्यातून ते बरे झाले होते; पत्नी मात्र त्याच वर्षी प्रभूघरी गेली. निघताना त्यांनी माझा हात धरून विचारले, "फादर, तिला नेलं, मग मला का ठेवलं?" मला उत्तर सुचले नाही. प्रार्थना करून मी परतलो, पण तो प्रश्न माझ्याबरोबर आला.

हाच प्रश्न एका सैनिकालाही पडला होता. किसन बाबूराव हजारे, म्हणजे आपले अण्णा हजारे, गरीब शेतकरी घरातले. 1965 च्या भारत-पाक युद्धात खेमकरण भागात ते लष्कराचा ट्रक चालवत होते. शत्रूच्या हल्ल्यात बरोबरचे जवान मेले, आपण वाचलो, असे ते स्वतः सांगतात. जे आयुष्य परत मिळाले ते आता आपले नाही, लोकांचे आहे, असा निश्चय त्यांनी केला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जो वाचला तो देवाचा लाडका आणि जो गेला तो दोडका, असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले. तुकडीतले सगळे साथीदार मेलेले किंवा जखमी असताना ते एकटे मशीनगनवर धावून गेले. वय अवघे 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यावर देवाचे प्रेम कमी होते, असे कोण म्हणेल?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटलची चार कारणे पाठ करत असू. त्यांतले एक कारण "कशामुळे" याचे उत्तर देते, तर शेवटचे "कशासाठी" याचे. "मी कशामुळे वाचलो?" हे आपल्याला बहुधा कळत नाही. "कशासाठी?" याचे उत्तर मात्र आपण जगून द्यायचे असते.

अण्णांनी ते उत्तर राळेगणसिद्धीत दिले. 1975 च्या सुमारास ते पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. पाऊस जेमतेम, विहिरी कोरड्या, माणसे कामासाठी गावाबाहेर आणि गावात दारूच्या भट्ट्या. त्यांनी आधी स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचे पडके मंदिर नीट केले आणि तिथल्याच खोलीत राहू लागले. मग गाव श्रमदानाला उतरले. उतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले, झाडे लावली. पाणी जमिनीत मुरले, विहिरींना आले. 1992 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मात्र जिवंत माणसाला आपण संत ठरवत नाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही तेथे झाले. प्रभू येशूने जकातदार जक्कयला झाडाला बांधले नाही. त्याला खाली बोलावले आणि त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. चांगल्या कामालाही दयेची जोड लागते. व्यसनात अडकलेला भाऊ आपल्या वाडीतही आहे, हे विसरू नका.

आपल्या किनाऱ्यावर पाण्याचे दुखणे उलटे आहे. तिकडे पाणी अडवून आत ठेवायचे, इकडे खाडीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे. उधाणात खारबंदिस्तीला खांड पडली की भातशेती बुडते आणि पुढची काही वर्षे ती जमीन पिकत नाही. बांध माझ्या शेतापासून लांब आहे, असे म्हणणाऱ्याच्या शेतातही शेवटी खारे पाणी पोहोचतेच. आपले वाडवडील घरटी एक माणूस देऊन बांध राखत. आज आपण सरकारची वाट पाहतो. सरकारकडे मागणे जरूर करावे, पण घमेले उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असे प्रभूने शिकवले. यशवंतरावांनी एका क्षणात सर्वस्व दिले. आपल्यापैकी बहुतेकांना ते रोज थोडे थोडे द्यायचे असते: एक दुपार, एक फेरी, आजाऱ्याजवळ एक तास.

गेल्या रविवारी मी त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो. शेजारचा मुलगा पाटी घेऊन त्यांच्या ओटीवर बसला होता. आई-वडील मजुरीला जातात, म्हणून हे त्याला पाढे शिकवतात. मी काही बोललो नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेच देत होते.

ह्या आठवड्यात आपणही प्रभूपुढे बसून विचारू या: प्रभो, मी कशासाठी उरलो? उत्तर ऐकून उठण्याचे बळ तो आपल्याला देवो. आमेन.

आपला,
फादर