घोडा, मुलगी आणि स्वस्त गाडी

सूरजागडच्या परिसरात नोकरी करणाऱ्याला चारचाकी ही चैन वाटत नाही. एटापल्लीहून हेडरीकडे जायला उशीर झाला, तर हात दाखवून कुणी थांबेल याची वाट बघायची. रात्री गावात कुणाला साप चावला, कुणाचं बाळंतपण अडलं, की ज्याच्या अंगणात गाडी उभी त्याचंच दार वाजतं. कागदावर गाडी एकाची असते, अडीनडीला सगळ्या गावाची.

म्हणून मी जुनी गाडी शोधत होतो. चंद्रपूरला एक सापडली. बारा वर्षांची, पण रंग चकचकीत. किंमत 95 हजार. मालक म्हणाला, "गाडी एक नंबर आहे सर. वायरिंगचं थोडंसं काम आहे, बाकी काही बघायचं नाही."

सोबत आलापल्लीचा ओळखीचा इलेक्ट्रिशियन होता. त्यानं नेमकं तेच बघितलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसायला हवेत. मीटर 12 वर अडून राहिला. म्हणजे डायनॅमो चार्जिंग करतच नव्हता. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींवर टेप गुंडाळली होती. हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. चक्कर मारली तेव्हा एका खड्ड्यात डावा दिवा गेला, पुढच्या खड्ड्यात परत आला. इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, "फ्यूज उडला तर दहा रुपये जातात सर. ही तार नाही उडणार. हिच्यापायी वायरिंग पेटेल."

मी मनात हिशेब मांडला. दुरुस्तीला 20 हजार धरले, तरी बाजारभावापेक्षा गाडी स्वस्तच पडत होती. आणि दुरुस्ती काय, पगार झाल्यावर करता येईल. तोवर चालवू. माणूस स्वतःला फसवतो तो बहुधा या 'तोवर'मध्येच.

परतताना आष्टीच्या पुढे अंधार पडला. समोरून लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक येत होते. मी ती गाडी चालवत असतो आणि त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरला माझा एकच दिवा दिसला असता, तर त्यानं मला मोटारसायकल समजून तेवढीच जागा सोडली असती. मग कळलं, की ते 'तोवर' माझ्या एकट्याच्या जोखमीवर नव्हतं. त्यात तो ड्रायव्हर होता, मागच्या सीटवरची बाळंतीण होती.

स्वस्त म्हणजे किंमत कमी, असं आपण समजतो. खरं तर पुष्कळदा किंमत तेवढीच असते, फक्त तिचा काही भाग दुसऱ्याच्या नावावर पडतो. सूरजागडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 2007 मध्ये इथे लोहखनिजासाठी सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. खनिजाचा दर टनावर ठरतो. ठाकुरदेवाची जत्रा भरते तो डोंगर, रस्त्याकडेच्या धानावर बसलेली लाल धूळ, यांचा रकाना त्या बिलात नसतो. खाण हवी की नको, हा वाद मोठा आहे, तो इथे सोडवत नाही. पण बिलात न दिसणारी रक्कम कुणीतरी भरतच असतो, एवढं इथे राहून कळतं.

घरी येऊन कायदा चाळला. 1872 च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीच्या सतराव्या कलमाखाली एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे. लिलावात तो गप्प राहून घोडा विकतो. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच खोट सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा धड आहे असं मी समजेन', तर त्यानंतरचं मौन बोलण्यासारखंच धरलं जातं.

कायद्यानं परक्याला आणि मुलीला वेगळं मोजलं, कारण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. माणसाला ती रेघ तिथेच ओढायची सक्ती नाही. गाडी नावावर करताना 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरतात, इंजिन नंबर, चेसिस नंबर लिहितात. विकणाऱ्याला काय ठाऊक होतं, याला रकाना नाही. तो आपणच भरायचा.

मला अडवलं ते मात्र दुसऱ्याच विचारानं. ही गाडी मी तशीच घेतली असती, तर दोन वर्षांनी तशीच विकली असती. तेव्हा रंग मारून 'थोडंसं काम आहे' म्हणणारा मी असतो. गाडीबरोबर तिच्या मालकाचं मौनही माझ्या नावावर झालं असतं. मी फोन करून नाही म्हटलं.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. पंधरा दिवसांनी ओळखीचा एक तरुण मोबाइलवर फोटो घेऊन आला. तीच गाडी. "सर, घेऊ का?" खरं सांगतो, क्षणभर वाटलं, आपल्याला काय करायचंय? सौदा त्याचा, पैसा त्याचा, मालकाशी उगाच वाकडेपणा कशाला? पण त्यानं विचारलं होतं. आता माझं गप्प राहणं म्हणजे घोडा धड आहे असं सांगणंच होतं. मी डायनॅमो, वायरी, तार, सगळं सांगितलं.

तरीही त्यानं गाडी घेतली. त्याचा मला राग नाही. डोळे उघडे ठेवून स्वस्त वस्तू घेण्यात पाप नाही. पण आधी त्यानं मालकासमोर एकेक दोष मोजून दाखवला, किंमत उतरवली आणि राहिलेल्या पैशात वायरिंग नवं करून मगच गाडी एटापल्लीला आणली.

परवा रात्री ती गाडी समोरून आली. दोन्ही दिवे लागलेले होते.