पेढे की बर्फी?

दवाखान्यातून फोन आला की आजी आधी काय विचारते? 'बाळ-बाळंतीण सुखरूप ना?' की 'पेढे की बर्फी?' पेढे मुलाचे, बर्फी मुलीची, हे कुपवाडात कोणाला सांगावे लागत नाही. (आजोबा तर फोन आजीकडेच देतात!)

नातवंडाचा आनंद आजीचा स्वतःचा, तो थोडा कमी झाला तर कोणाचे काय बिघडले, असे आपण म्हणतो. आम्हाला हे पटत नाही. खाटेवरची सून सासूचा चेहराच वाचत असते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात नको असलेल्या मुलींचे नावच 'नकुशी' ठेवले जाई. २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे मिळाली. तोवर घरच्यांची नाराजी त्या हाकेहाकेला ऐकत होत्या. २०१७ मध्ये आपल्याच मिरज तालुक्यात, म्हैसाळजवळ, पुरलेले १९ भ्रूण सापडले. चेहरा पडणे म्हणजे ते पाप नव्हे. पण सुनेला पहिली भीती वाटते ती त्या चेहऱ्याचीच.

बायबलमधील नामीला नातू झाला, तेव्हा शेजारणी आनंदल्या, पण रूथला विसरल्या नाहीत. ही सून सात मुलग्यांच्या वर आहे, असे त्या नामीला म्हणाल्या. मग नामीने बाळ उराशी घेतले.