खडूची रेघ

लंडन शहरात एक संस्था होती. कंपवाताच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देणं हे तिचं काम. पार्किन्सन्स म्हणतात तो हाच आजार. संस्थेच्या शाखा देशभर होत्या. कारभार बारा विश्वस्त पाहायचे. त्यांना पगार नव्हता. चहा मिळायचा, आणि तो चांगला असायचा.

संस्थेला नवा अध्यक्ष मिळाला. जन्मभर बँकेत काम करून निवृत्त झालेला माणूस. हुशार, प्रामाणिक आणि फार घाईचा. पहिल्याच सभेत त्यानं पिशवीतून वाळूचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"प्रत्येकाला दोन मिनिटं," तो म्हणाला. "वाळू संपली की बोलणं संपलं."

पूर्वी बारा वाजता सुरू झालेली सभा चार-चार तास चालायची. त्यानं ती दोनला ठेवली आणि सव्वा तासात उरकू लागला. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली एकच शेरा असायचा: एकमताने मंजूर. अध्यक्षाला त्याचा अभिमान होता.

टेबलाच्या टोकाला एक म्हातारा शिंपी बसायचा. बारा जणांत हा आजार झालेला तो एकटाच. आधी त्याचे टाके बारीक झाले. मग अक्षर बारीक झालं. मग आवाज. हात थरथरायचा तो लोकांना दिसायचा, पण खरा जाच होता तो संथपणाचा. खुर्चीतून उठायचं मनात आल्यावर पाय ते ऐकायला वेळ लावायचे.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. लेव्होडोपाची गोळी ती तूट काही तास भरून काढते. (आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असतं. ज्या शेंगेला हात लावायला आपण भितो, तिच्या पोटात हे निघावं!) गोळीचा अंमल उतरला की अंग पुन्हा आखडतं. शिंप्याच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी सात, मग अकरा, तीन आणि पुन्हा सात. सभा बाराला असायची तेव्हा अकराची गोळी चांगली चढलेली असे. दोनच्या सभेत त्याचा विषय येईपर्यंत ती उतरलेली असायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शिंप्यानं सांगायला तोंड उघडलं होतं, पण वाळू संपली.

एकदा एका बाईंनी मृत्युपत्रात संस्थेसाठी मोठी रक्कम ठेवली. अध्यक्षानं ठराव मांडला. या पैशांतून नवी इमारत बांधू. पुढून सगळी काच, आत मोठं सभागृह. कुणी काही बोललं नाही.

"विरोधात कोण?" अध्यक्षानं टेबलावरून एकदा नजर फिरवली. "कुणी नाही. एकमताने मंजूर."

त्याचं पेन कागदावर टेकलं, त्याच वेळी शिंप्याचा हात टेबलावरून सुटला. तो छातीपर्यंत आला तेव्हा अध्यक्ष पुढचा विषय वाचत होता. खांद्यापर्यंत पोचला तेव्हा तोही विषय संपत आला होता. ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या चहावाल्या बाईनं तेवढा तो हात पाहिला.

सभा संपली. सगळे निघाले. शिंपी दारापर्यंत आला आणि उंबरठ्यापाशी थबकला. पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले. या आजारात असं होतं, आणि बऱ्याचदा दारातच होतं.

अध्यक्ष मागून आला. त्याला वाटलं, मदत करावी. त्यानं शिंप्याचा दंड धरला आणि ओढला. शिंप्याचं वरचं अंग पुढे गेलं, पाय जागीच राहिले. तो पडणारच होता.

"ओढू नका!" बाई ओरडली. तिनं ट्रे खाली ठेवला, शिंप्याच्या कोटाच्या खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि त्याच्या बुटांपुढे जमिनीवर एक आडवी रेघ ओढली.

शिंप्यानं रेघेकडे पाहिलं. उजवा पाय उचलला आणि तिच्या पलीकडे ठेवला. मग डावा. तो दाराबाहेर गेला.

अध्यक्ष चकित झाला. "मी एवढा जोर लावला तेव्हा जमलं नाही. आणि एका रेघेनं जमलं?"

शिंपी बाकावर बसला. उत्तर यायला वेळ लागला. "तुम्ही ओढता तेव्हा मला पडायची भीती वाटते," तो म्हणाला. "रेघ पाहिली की पाय कुठे टाकायचा ते कळतं."

अध्यक्ष त्याच्या शेजारी बसला. वाळूचं घड्याळ त्याच्या हातातच होतं. शिंपी बोलू लागला तसं त्यानं सवयीनं ते उलटं केलं. वाळू संपली. त्यानं पुन्हा उलटं केलं. पुन्हा संपली. तिसऱ्यांदा तो उलटं करायला विसरला.

मागच्या हिवाळ्यात शिंपी पडला होता. मनगटाचं हाड मोडलं. इस्पितळात त्याची अकराची गोळी औषधांच्या गाड्याबरोबर एक वाजता आली. तीनची पाचला आली. नर्स वाईट नव्हती. गाडा यायचा तेव्हाच औषध द्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. दोन दिवस त्याला कुशीवर वळता आलं नाही. पाण्याचा घोटही गिळवेना. हाड सहा आठवड्यांत जुळलं. त्या दोन दिवसांत गेलेली चाल परत यायला चार महिने लागले.

"गोळीला अर्ध्या तासाहून जास्त उशीर नको, हे पत्रक आपणच छापलं," शिंपी म्हणाला. "वॉर्डात जाऊन नर्सना समजावणारी माणसं हवीत. पैसा तिथे लावू. काच नंतर बसवू."

"मग हे सभेत का नाही बोललात?"

चहावाली बाई हसली. "बोलायचंच होतं त्यांना, साहेब. हातसुद्धा वर केला होता. तोवर तुम्ही पुढे गेला होतात."

अध्यक्ष काही बोलला नाही. समोरच्या भिंतीवर एका जुन्या पुस्तिकेचं पहिलं पान चौकटीत लावलेलं होतं. रोज त्याखालूनच तो जायचा. जेम्स पार्किन्सन, 1817. याच शहरातल्या हॉक्स्टन भागातल्या या डॉक्टरनं सहा रुग्ण पाहून आजाराचं वर्णन लिहिलं. त्यांतले काही त्याला रस्त्यात भेटले होते, आणि एकाला तर त्यानं फक्त लांबून पाहिलं होतं. शिंपी अध्यक्षापासून सहा खुर्च्यांवर बसायचा.

पुढची सभा बाराला ठेवली गेली. वाळूचं घड्याळ कागदांवर आडवं पडलं होतं. कागद उडू नयेत म्हणून. इमारतीचा ठराव पुन्हा मांडला गेला. शिंपी बोलला. पुष्कळ वेळ बोलला.

"विरोधात कोण?" अध्यक्षानं विचारलं आणि पेन खाली ठेवलं. मग तो थांबला. थांबायची सवय नसल्यामुळे त्यानं चष्मा पुसला, आणि मग उगाचच दुसऱ्यांदा पुसला.

एक हात वर आला. शिंप्याचा नव्हे, चांगल्या धडधाकट बाईंचा. मग आणखी एक. कुणालाच आजार नव्हता, पण मागच्या वेळी त्यांनाही वेळ पुरला नव्हता. सहा झाले. सर्वांत शेवटी शिंप्याचा हात वर आला. पाचाविरुद्ध सात. ठराव पडला.

इतिवृत्त लिहिणाऱ्यानं बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच आकडे लिहिले.

"आज चहा दोनदा करावा लागला," बाई कुरकुरली.

"शेवटचा हात वर येईपर्यंत अध्यक्षानं थांबायचं असतं," अध्यक्ष म्हणाला. "मला हे उशिरा कळलं."

सगळे निघाले. दारापाशी अध्यक्षानं शिंप्याकडून खडू मागून घेतला, गुडघ्यावर बसला आणि उंबरठ्याशी रेघ ओढली. शिंप्यानं ती नीट पाहिली.

"वाकडी आहे," तो म्हणाला, आणि ओलांडून गेला.